पगारी टीमचा मॅनेजर

त्यांना काम नव्हतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काम येत नव्हतं असं नाही. परवानगी नव्हती. त्यांची बायको रियाधच्या एका इस्पितळात बायकांची डॉक्टर होती, आणि त्या वेळी त्या देशात बाई डॉक्टर न्यायची तर तिच्याबरोबर घरचा पुरुष लागायचा. नवरा, नाहीतर बाप, नाहीतर भाऊ. त्याला महरम म्हणत. आमच्या डॉक्टरीणबाईंचे महरम म्हणजे त्यांचे यजमान. पुण्याच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून ते बायकोबरोबर आले. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. त्यांच्या इकाम्यावर शिक्का होता, काम करण्यास मनाई.

माझ्या इकाम्यावर होतं खद्दामा, म्हणजे मोलकरीण. मी देवगडकडची, चौथी शिकलेली. नवरा वारल्यावर ओळखीच्या एका नर्सने मला त्या घरी लावून दिलं. तर त्या घरात कमावणाऱ्या आम्ही दोघी बायका, आणि खाणारे तिघं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनीही कधी नाही. पण घरात चहाचा कप ते स्वतः धूत, माझ्या हातात देत नसत, तेव्हा मला समजायचं की त्यांच्याही डोक्यात तेच आहे.

त्यांना सगळे मॅनेजर म्हणत. ते नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. क्रिकेटमध्ये कॅप्टन असतो, तसा बेसबॉलमध्ये मॅनेजर असतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. मी म्हटलं, असेल.

बेसबॉल म्हणजे काय ते मी सांगते, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. एकजण चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. दुसरा गोल सोट्याने तो मारतो. मारला की सोटा टाकून पळायचं. मैदानात चार कोपरे. चारही फिरून जिथून निघालो तिथे परत आलो की एक धाव. त्या शेवटच्या कोपऱ्याला ते घर म्हणतात. घरातून निघून घरी परत यायचं, एवढाच खेळ. आमच्याकडची सगळी माणसं तेच करत होती, पण त्यांना कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

तरुणपणी ते शिकायला अमेरिकेत गेले होते. लहानसं गाव होतं. त्याचं नाव ते घेत, मला उच्चारता आलं नाही. त्या गावाची एक बेसबॉलची टीम होती, सगळ्यात खालच्या पायरीवरची, पण पगारी. हे संध्याकाळी तिच्या मैदानावर भुईमुगाच्या शेंगा विकत. पुढे त्या टीमच्या मॅचचं वर्णन कॉम्प्युटरवर ऐकू यायला लागलं. तिकडे संध्याकाळ झाली की आमच्याकडे पहाटेची बांग व्हायची. मी पोळ्यांची कणीक मळत असायची आणि बाहेरच्या खोलीत तो अमेरिकन माणूस सावकाश काहीतरी सांगत असायचा, जसा भटजी पोथी वाचतो.

कोण जिंकलं हे मॅनेजर कधी सांगत नसत. त्यांना पहिल्याची खोड होती. टीमचं पहिलं मैदान म्हणजे बटाट्याचं शेत होतं आणि पहिल्याच दिवशी एकजण बटाट्यावरून घसरून पडला, हे ते सांगत. पहिल्यांदा दिव्यांच्या उजेडात मॅच झाली तेव्हा खांब रेल्वेकडून उसने आणले होते. रस्त्यापलीकडे गेलेला पहिला चेंडू न्हाव्याच्या दुकानात पडला, तो त्याने परत दिला नाही, आरशाजवळ टांगून ठेवला. टीममध्ये पहिला काळा माणूस आला तेव्हा हॉटेलवाल्याने त्याला खोली नाकारली. मग सगळी टीम बसमध्येच झोपली. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

एक गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी भाजी चिरता चिरता पुढचं वाक्य म्हणत असे. ती टीम पहिल्यांदा जिंकली त्या दिवसाची. मालकाकडे पगाराला पैसे नव्हते. त्याने मॅच संपल्यावर सगळ्यांना घराच्या कोपऱ्यावर ओळीत उभं केलं, डोक्यावरची टोपी काढली, तिकिटांचे जमले तेवढे पैसे तिच्यात टाकले, आणि एकेकाचं नाव पुकारून लोकांसमोर ज्याच्या त्याच्या हातात दिले.

"चार नाणी मिळाली असतील एकेकाला," ते म्हणायचे. "पण सगळ्या गावासमोर, मावशी. मेहनतीची."

मी विचारलं होतं, हौसेने खेळले असते तर काय बिघडलं असतं.

"हौशी माणूस पाऊस आला की घरी जातो," ते म्हणाले. "पगारी माणूस आभाळाकडे बघत थांबतो."

रियाधला पाऊस कुठे होता. मी भाजी फोडणीला टाकली.

घरातही त्यांची तीच तऱ्हा. माझी भाकरी एकदा करपली, तर टाकू देईनात. म्हणाले, या स्वयंपाकघरातली ही पहिली करपलेली भाकरी, आणि दुधाबरोबर खाल्ली. डॉक्टरीणबाई ड्युटीवरून आल्या की दमलीस का असं विचारत नसत, आजचं पहिलं बाळ मुलगा की मुलगी, असं विचारत. पहिली काही वर्षं बाई सांगायच्या. नंतर त्या आत जाऊन पडायच्या आणि ते दाराशी उभे राहून स्वतःशीच म्हणायचे, मुलगी असेल.

शेवटचं मात्र त्यांना नको असायचं. शेजारचं कोणी देशाला कायमचं निघालं की हे सकाळपासून गाडी काढून गायब. बाईच जाऊन निरोप देऊन येत. लोकांना वाटे, माणूस शिष्ट आहे. शिष्ट नव्हते. भित्रे होते.

त्यांची स्वतःची टीम अशी झाली. रियाधच्या अल सुलै भागात गोदामं आहेत, तिथे ते लाकूड, नटबोल्ट असलं काहीबाही बघायला जात. घेत क्वचितच. गोदामांमागे मोकळी जागा होती. शुक्रवारी सकाळी कॅम्पमधली आपली माणसं तिथे टेनिस बॉलने क्रिकेट खेळत. बहुतेक कोकणातली, कोणी सुतार, कोणी वेल्डर. एका शुक्रवारी त्यांनी बघितलं की लांबच्या टोकावरून एकाने चेंडू फेकला तो सरळ रेषेत येऊन स्टंपाला लागला. यांनी गाडी थांबवली, उतरून त्याच्याकडे गेले आणि त्याचा दंड चाचपून बघायला लागले.

तो दत्ता. प्लास्टरचा गवंडी, माझ्या गावापासून दोन खाड्या सोडून. लहानपणी दगड मारून कैऱ्या पाडायचा, दगड कैरीला न लावता देठाला. मॅनेजरना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला तीनदा सांगायला लावलं. देठाला? देठाला.

माझी नि दत्ताची ओळख निघाल्यावर तो मला काकी म्हणायला लागला. त्याने मला पहिलं विचारलं ते हे.

"काकी, हो माणूस पिसो आसा काय?"

"पिसो नाय," मी म्हटलं. "रिकामो आसा."

दत्ताचं सांगायला हवं. त्याची गोष्ट बाकीच्यांपेक्षा वेगळी होती. बाकीचे कंपन्यांचे होते. दत्ता आझाद व्हिसावर आलेला. म्हणजे कागदावर त्याचा कफील, त्याला आणणारा मालक, दूर उत्तरेकडचा कोणी शेळ्या-मेंढ्यावाला, आणि दत्ताच्या इकाम्यावर लिहिलेलं मेंढपाळ. खरं तर त्याने आयुष्यात मेंढी राखली नव्हती. तो रियाधमध्ये मिळेल तिथे प्लास्टर करायचा. असे तेव्हा खूप होते. सगळ्यांना माहीत असायचं, आणि पकडलं तर कोणालाच माहीत नसायचं. गावी त्याचं घर जोत्यापर्यंत आलं होतं. बायको आणि म्हातारी आई शेजारच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, राहत होत्या. तो म्हणायचा, दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करून करून माझ्या हाताला आता माझीच भिंत हवी झालीय. अजून तीन-चार वर्षं इथे निघाली की झालं. तेवढंच त्याला हवं होतं, तीन-चार वर्षं.

मॅनेजरनी त्या माणसांना सांगितलं की बेसबॉल खेळलात तर पगार देईन. माणशी एक रियाल आणि माझ्या हातचा डबा. रियालात एक पेप्सी येत असे. माणसं हसली, पण कॅम्पची पातळ डाळ खाऊन कंटाळलेली होती. मी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली, आणि पुढच्या शुक्रवारी नऊ जण पूर्ण.

मी तिथे कशी, असं कोणी विचारेल. डबे वाढायला मी जायची. पण परक्या पुरुषाबरोबर गाडीत एकटी बाई चालत नसे. म्हणून डॉक्टरीणबाई रात्रीच्या ड्युटीवरून आल्या की तशाच गाडीत बसत आणि मागच्या सीटवर झोपून जात. त्यांनी त्या टीमची एकही मॅच बघितली नाही. पण प्रत्येकीला हजर होत्या.

पहिल्या मॅचला सुताराने चेंडू मारला आणि सोटा हातात धरूनच पळत सुटला, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर क्रिकेटसारखा तो जमिनीवर टेकवला. मॅनेजर ओरडत होते, बॅट टाक, बॅट टाक. तो काही टाकेना. नंतर म्हणाला, साहेब, मी स्वतः लेथवर काढलीय, वाळूत कशी टाकू. पुढच्या खेपेस त्याने टाकली, पण आधी वाकून, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तशी. तोपर्यंत बाद. चामड्याचा हातमोजा घालायला तर कोणी तयार नव्हतं. उघड्या हाताने झेल घेतलेली माणसं, त्यांना तो अपमान वाटायचा.

समोर असायचे इस्पितळातले फिलिपिनो टेक्निशियन. त्यांना खेळ येत होता. ते हसत हसत आमच्यांना हरवायचे आणि जाताना घावणे घेऊन जायचे.

पण मॅनेजरना पहिली धाव, पहिला झेल, पहिली चोरलेली धाव, सगळं पाठ. जोशात येऊन सांगत. मी म्हणायची, अहो, जिंकलात कुठे. एकदा फिलिपिनोंना अचानक ड्युटी लागली, नऊ जण भरेनात, तर नियमाने आमची टीम जिंकली. माणसं नाचायला लागली. यांनी साफ नाकारलं. न खेळता आलेला विजय मी घेत नाही म्हणाले. त्या दिवशी पगारही दिला नाही, कारण काम झालं नाही. डबा दिला.

खेडचा मुस्तफा होता, प्लंबर, अरबी फाडफाड बोलायचा. तो मला म्हणाला, "मावशी, माझ्या कंपनीला यांच्यासारखा हिशोबी माणूस मिळाला असता तर माझा ओव्हरटाइम कधीच बुडाला नसता."

तिसऱ्या हिवाळ्यात ती टीम खरोखर जिंकली. थंडी होती, हवा स्वच्छ. दत्ताचा हात त्या दिवशी असा चालला की फिलिपिनोंचा हसरा कॅप्टन हसायचा थांबला. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा माणसांना आधी कळलंच नाही. ती सवयीने डब्यांकडे वळली होती. मग मुस्तफाने त्यांना सांगितलं.

एरवी मॅनेजर पगार गाडीपाशी देत, ज्याच्या त्याच्या हातात, बोलता बोलता. त्या दिवशी त्यांनी टोपी काढली. प्लायवूडचा एक तुकडा जमिनीत ठोकून घराचा कोपरा केलेला होता, तिथे उभे राहिले. सगळ्यांना ओळीत लावलं. टोपीत नोटा टाकल्या आणि एकेकाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मोठ्याने पुकारून हातात नोट द्यायला लागले. नोट दिली की हात मिळवायचे. चेंडू टाकणारा मानाचा, म्हणून दत्ता शेवटी.

मी गाडीतून बघत होते. लांबून ते कसं दिसत असेल हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मला नाही जाणवलं. कोणालाच नाही. सुट्टीच्या दिवशी गोदामांमागे मजुरांची रांग, आणि एक हिंदी माणूस नोटा वाटतोय.

तपासणीची गाडी आली. एक अधिकारी उतरला, तरुण, नीट बोलणारा. त्याने कोणावर हात टाकला नाही. इकामे मागितले. मॅनेजरचा बघितला, शिक्का वाचला, मग टोपीतल्या नोटा बघितल्या. त्याने मुस्तफाला विचारलं, हा कोण, आणि पैसे कसले.

मुस्तफा मॅनेजरकडे न बघता मराठीत म्हणाला, "साहेब, सदका बोला. जुम्याचा सदका. इथे त्याला कोणी बोट लावत नाही."

सदका म्हणजे दानधर्म. शुक्रवारी गरिबाला रियाल दिला तर त्यात गुन्हा काय. एक शब्द होता. तो म्हटला असता तर अधिकारी बहुतेक गाडीत बसून गेला असता. सगळे मॅनेजरच्या तोंडाकडे बघत होते. दत्ता शेवटचा उभा, त्याची नोट अजून टोपीतच.

मॅनेजरनी टोपीतल्या नोटांकडे बघितलं. मग त्यांनी मुस्तफालाही मध्ये घेतलं नाही. त्यांना अरबी फारसं येत नसे, पण पगाराचा शब्द येत होता. अधिकाऱ्याकडे बघून ते म्हणाले, "रातिब."

आणि हाताने ती सगळी ओळ दाखवली.

मग दुसरं काय होणार. ज्याला काम करायला मनाई, तो दुसऱ्या कफिलांच्या माणसांना पगार देतोय, असं त्यानेच सांगितलं. सगळ्यांना गाडीत घालायला लागले. आवाजाने डॉक्टरीणबाई जाग्या झाल्या, अबाया, म्हणजे तिथला काळा झगा, सावरत उतरल्या, इस्पितळाचं कार्ड दाखवलं. अधिकारी त्यांच्याशी अदबीने बोलला. दक्तोरा, दक्तोरा म्हणत होता. मॅनेजरना त्याने ताकीद देऊन सोडलं, बाईंकडे बघून. बाकीच्यांना नेलं. मॅनेजर टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांना गाडीत चढायचं होतं, चढू दिलं नाही.

कंपन्यांची माणसं संध्याकाळपर्यंत सुटली. कंपनीचे लोक आले, सह्या केल्या, शिव्या घातल्या, घेऊन गेले. दत्ताच्या कफिलाला फोन लावला तर तो म्हणाला, माझा मेंढपाळ मेंढ्यांजवळच आहे, हा कोण गवंडी मला ठाऊक नाही. झालं. दत्ताला तरहीलला पाठवलं. तरहील म्हणजे जिथून माणसाला परत देशी धाडतात ती कोठडी. तिथे बोटांचे ठसे घेतले की तो माणूस त्या देशात पुन्हा पाऊल ठेवू शकत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी अबाया काढून खुर्चीवर टाकला. मी त्या दोघांचं भांडण कधी बघितलं नव्हतं, तेव्हाही झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या.

"अहो, पगार कसला? पैसे कोणाचे होते?"

पुन्हा कधी त्या हे बोलल्या नाहीत. एकदाच पुरलं.

लोक म्हणतील, हट्टी माणूस, एका शब्दासाठी दुसऱ्याचं घर बुडवलं. मीही म्हणते. पण मी त्या घरात राहिलेली आहे. मला माहीत आहे की सदका हा शब्द त्यांच्या तोंडून का निघाला नाही. त्या माणसांना दिलेला रियाल जर सदका, तर मग सकाळचा चहा, अंगावरचा शर्ट, गाडीतलं पेट्रोल, हे सगळं काय होतं. जगात एकच जागा होती जिथे ते कोणाला तरी कामाचे पैसे देत होते. सदका म्हटलं की तीही सोडायची होती. नाही सोडवली. किंमत मात्र दत्ताने दिली. हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं फिटत नाही.

त्यानंतर ते सगळीकडे सदका सदका म्हणत फिरले. मुस्तफाकडून अर्ज लिहून घेतला. या खिडकीवर, त्या खिडकीवर, शिपायाला, चहावाल्याला, ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगायचे, तो सदका होता, माझी चूक झाली, ती माणसं माझी कोणी नाहीत. पहाटेचा कॉम्प्युटर बंद झाला. घरात नुसती माझ्या पोळपाटाची खडखड.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कोणाला तरी सांगून दत्ताला भेटायची परवानगी काढली. आम्ही तिघं गेलो. मी त्याची मावशी लागते असं सांगितलं. मी त्याची बॅग भरून नेली होती, कपडे, बायकोसाठी घेतलेली साडी, आणि त्याची थापी. थापी आत नेऊ दिली नाही.

मध्ये जाळी होती. दत्ता दाढी वाढलेला, पण खाऊन-पिऊन ठीक. मला म्हणाला, काकी, जोता पावसात धुपता, म्हातारीक सांगा वर झापा घालूक. झापा म्हणजे विणलेल्या झावळ्या. मी बरं म्हटलं. मग मॅनेजर पुढे झाले. त्यांनी खिशातून रियालची नोट काढली, त्या दिवशीची, टोपीतली. जाळीतून आत धरली. शिपाई बाजूलाच होता. त्याला ऐकू जाईल असं ते बोलले.

"दत्ता, हा तुझा सदका राहिला होता. मी तसं लिहून दिलंय. तूही विचारलं तर तसंच सांग."

दत्ताने नोटेकडे बघितलं.

"मॅनेजरसाहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी म्हणायचा होता ता आज म्हणतास. माझे ठसे घेऊन झाले. आता माका सदको नको. मी बॉल टाकलंय. पगार आसलो तर द्या."

शिपाई बघत होता. अर्ज आत कुठेतरी होता आणि त्यावर सदका लिहिलं होतं. ठसे घेतलेल्या माणसाचं अर्जाने काही होत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी ते पगार हा शब्द बोलू शकले नाहीत. जाळीतला हात त्यांनी मागे घेतला आणि नोट परत खिशात ठेवली.

दत्ता त्याच आठवड्यात गेला. थापी माझ्याकडे राहिली, ती मी मुस्तफाला दिली, त्याने कोणा गवंड्याला.

पुढे बाईंचा करार संपला, ती दोघं पुण्याला गेली. बाईंना लगेच इस्पितळ मिळालं. मॅनेजरना त्या वयात कोण काम देणार. इतकी वर्षं काय करत होतात असं मुलाखतीत विचारलं की ते खरं सांगत, असं बाई मला फोनवर म्हणाल्या. मी गावी आले. दत्ता गोव्यात आणि आसपास प्लास्टरची कामं करायचा, पैसे साठले की गावी येऊन घराला चार थर लावायचा, संपले की परत जायचा. घर वर यायला वर्षंच्या वर्षं लागत होती. म्हातारी मांगरातच गेली.

एक दिवस मॅनेजर एसटीतून माझ्या दारात उतरले. आधी कळवलं नव्हतं. केस सगळे पांढरे, बरोबर फक्त एक पिशवी. दत्ताकडे न्या म्हणाले. मी नेलं.

दत्ता चिरे लावत होता, हाताखाली दोन गडी. त्याने वर बघितलं, ओळखलं, आणि थर लावणं चालू ठेवलं. मॅनेजर अंगणात उभे. त्यांनी खिशात हात घातला. काय काढणार होते ते मला माहीत होतं, दत्तालाही माहीत असणार.

"खिशातलो हात काढा," दत्ता म्हणाला. "काम चालू आसा. उभे ऱ्हवायचा आसात तर चिरे आणा."

त्यांनी पिशवी जोत्यावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि चिरे आणायला लागले. मी म्हटलं, अहो, कंबर धरेल. ऐकलं नाही. एक चिरा दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायचे, दत्ताच्या पायाशी ठेवायचे, परत जायचे. दुपारी दत्ताच्या बायकोने सगळ्यांना पेज वाढली, तीच त्यांनाही. जेवल्यावर ते पुन्हा उठले, पण दोन चिऱ्यांनंतर तिसरा त्यांना उचलेना. मग ते ढिगाशेजारी बसून राहिले, दत्ताचा हात बघत.

संध्याकाळी दत्ताने ओळंबा गुंडाळला, हात धुतले, गड्यांना दिवसाचा रोज दिला. मग तसाच त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि एक नोट पुढे केली.

त्यांनी ती घेतली नाही आधी. "ही कसली?" म्हणाले.

"अर्ध्या दिवसाची," दत्ता म्हणाला. "दुपारनंतर तुमी बसलास."

मॅनेजरनी हाताची माती झटकली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. नोट घेतली, घडी घातली, आणि पिशवी उचलून शेवटच्या एसटीसाठी थांब्याकडे चालायला लागले.